आधी डावा डोळा

आखातातल्या देरा भागात एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. गाडी चालवण्यासाठी दाखला मागायला येणारी माणसं बिनदिक्कत खोटं बोलतात, त्यामुळे संशय घेणं हा माझा स्वभावच होऊन बसलाय. घरी नवराही वैतागतो.

तो अमेरिकन आला तेव्हा शंका आली ती त्याच्या गप्पांनी. म्हणे, मोटारशर्यतीत उभा जन्म गेला. गावाकडच्या मातीच्या ट्रॅकवर सुरुवात, मग मोठ्या गाड्या, एकदा भिंतीवर आदळून हॉस्पिटल, बरा झाल्यावर पुन्हा गाडी. आता इथे हौशी श्रीमंतांना शेजारी बसवून ट्रॅकवर भन्नाट फेरी मारायची नोकरी मिळत होती. त्यासाठी दाखला हवा होता. दुकानाचे मालक, रत्नागिरीचे चाचा, ऐकून खूश. मला वाटलं, थापा. रेसर म्हणे, आणि पोट हे एवढं!

"आधी डावा," म्हणत त्याने मी सांगायच्या आत उजवा डोळा झाकला. मला खटकलं. डाव्याने तक्ता भराभर वाचला, खालच्या ओळीत एक अक्षर चुकला. मग उजव्याने. तोच वेग, त्याच जागी तीच चूक. कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाहेर येऊन चाचांना सांगितलं.

"साइन कर ना, खलास," ते म्हणाले. "गोरा माणूस झूठ कशाला बोलेल?"

मला रागच आला. बांधकामाच्या साइटवरच्या आपल्या पोरांना आम्ही दोनदोनदा तपासतो.

वाचता न येणाऱ्यांसाठी दुसरा तक्ता असतो. इंग्रजी E सारखं तीन दातांचं एकच चिन्ह, कधी वर तोंड केलेलं, कधी खाली, कधी बाजूला. नुसत्या हाताने दिशा दाखवायची. मी तो लावला आणि त्याचा डावा डोळा झाकला. त्याचा हात मांडीवरून उठलाच नाही.

त्या भिंतीनेच उजवा डोळा नेला, असं तो हळूच म्हणाला. "पण ट्रॅकचं वळण न् वळण मला पाठ आहे."

एका वाचनात अख्खा तक्ता पाठ करणारा हा माणूस खरंच रेसर होता, हे मला तेव्हा पटलं. फार वाईट वाटलं.

"आणि मध्येच कुणी आडवं आलं तर?" मी विचारलं.

मी सही केली नाही. त्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि सोन्याच्या बाजारात गेलेल्या बायकोला फोन लावला.

मी दारापर्यंत गेले, खरं तर तो स्वतःच चालवत जातो की काय ते बघायला. बायको स्टिअरिंगवर बसली, तो शेजारी. इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून चालकाचा पट्टा डाव्या खांद्यामागे असतो. सवयीने त्याचा हात तिकडेच गेला आणि चाचपत राहिला. शेवटी बायकोनेच वाकून उजवीकडचा पट्टा ओढून लावला.