पेशंटचं तोंड उघडं, डॉक्टरचं बंद

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. पेशंट तासभर आ वासून बसलेला असतो, बोलायची सोय नसते, त्यामुळे चूळ भरायला मिळाली रे मिळाली की तुंबलेलं सगळं एकदम बाहेर येतं! नारायण पेठेतल्या माझ्या दवाखान्याला आता एकोणीस वर्षं झाली. भिशीत, लग्नात, गेट-टुगेदरला मी यातले किस्से रंगवून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. त्या सगळ्या किश्शांत मूर्ख असतो तो पेशंट, आणि शहाणी मी.

आज उरलेले सांगते. ते सांगताना मला मान वर करता येत नाही. त्यातला देवधर बाईंचा तर मी चौदा महिने खुद्द देवधर बाईंनाही सांगितला नव्हता, आणि दात त्यांचा होता.

*

आधी निखिल. हिंजवडीला आयटीत आहे. दाढ ठणकत होती म्हणून आला. मी रूट कॅनाल सुरू केलं, नस काढली, वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. निखिल गायब! आठ महिन्यांनी उगवला तो पेरूएवढा गाल घेऊन.

"कुठे होतास रे?"

"मॅम, पेन झीरो झालं होतं. मला वाटलं, इश्यू क्लोज्ड!"

झालं, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अरे, दुखणं थांबतं कारण दुखणारी नसच काढलेली असते. दात बरा झालेला नसतो. तो आतून नीट साफ करून कायमचा भरावा लागतो, वर कॅप बसवावी लागते. नाहीतर जंतू परत आत शिरतात, नाहीतर एक दिवस शेंगदाणा चावताना दात उभा फुटतो. दहा मिनिटं मी बोलत होते आणि तो शांतपणे ऐकत होता.

"मॅम, हे फर्स्ट सिटिंगला सांगितलं होतं का तुम्ही? सॉरी, मला आठवतच नाहीये."

मी मदतीसाठी सुनीताताईंकडे बघितलं. सुनीताताई माझ्या असिस्टंट, पन्नाशीच्या, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, हा त्यांचा एकच दोष.

"नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बाहेर सात जण बसले होते ना!"

*

सूस गावचे मारुतराव. बांधकामाचं साहित्य विकतात, आवाज खणखणीत. खुर्चीत बसण्याआधीच खालच्या दाढेवर बोट.

"हीच बगा ताई. रात रात झोपू देत न्हाई."

खालची दाढ किडलेली होतीच. मी इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी विचारलं, बधिर झालं का?

"झालं की! पार ओठापत्तोर. पर दुखतंय तसंच हाय."

मी म्हटलं, थोडं थांबा. मग आणखी एक इंजेक्शन दिलं. "आता?" "आता जीब बी गेली. दुखतंय तसंच हाय." मी वैतागून म्हणाले, "मारुतराव, मनातून भीती काढा!"

भीती कसली! शेवटी एक्स-रे काढला, तर दुखत होती ती वरची दाढ. नस सुजली की कळ अशी फिरते. वरच्या दाताची खाली येते, खालच्याची कानात जाते. पेशंटला खरोखर कळत नाही कुठला दात ते. शोधून काढणं हे माझं काम, आणि एक्स-रे त्यासाठीच असतो. मी बोटावर भरवसा ठेवला होता. मग मुकाट्याने वरच्या दाढेला तिसरं इंजेक्शन दिलं. बिचाऱ्यांचं अर्धं तोंड गेलं.

उठताना हात जोडून म्हणाले, "ताई, माफ करा. म्याच बोट चुकीचं दावलं. तुमाला तरास झाला."

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "असू दे, होतं असं!"

*

आता देवधर बाई. शेजारच्या गल्लीत राहतात. गणिताच्या शिक्षिका होत्या, आता सत्तरीच्या पुढे. खालच्या दाढेचं रूट कॅनाल होतं. त्या दाढेचं एक मूळ चांगलंच वाकडं होतं. ते साफ करायला आम्ही केसाएवढी बारीक सुई वापरतो, फाइल म्हणतो आम्ही तिला. ती सुई आत घातली, फिरवली, बाहेर काढली, तर टोक नव्हतं. तीन मिलिमीटर तुकडा मुळात अडकलेला!

हे होऊ शकतं. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होतं. तुकडा निघत असेल तर काढायचा, नसेल निघत तर त्याच्यासकट दात नीट भरायचा आणि एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. बऱ्याचदा काही त्रास होत नाही. एकच गोष्ट करावीच लागते, पेशंटला तिथल्या तिथे सांगायचं.

मी अर्धा तास खटपट केली, तुकडा निघाला नाही. मी भरून टाकलं. बाईंनी चूळ भरली आणि विचारलं, "झालं?"

"झालं."

सुनीताताईंनी ती आखूड सुई दुसऱ्या सुईशेजारी धरून बघितली आणि माझ्याकडे न बघता ट्रेमध्ये ठेवली.

पुढच्या वेळी सांगू, असं म्हणता म्हणता कॅपसुद्धा बसली. आणि मग बाई माझ्याकडे माणसं पाठवायला लागल्या! त्यांची भाची आली, दूधवाले आले, भजनी मंडळातल्या दोघी आल्या. प्रत्येक जण आल्या आल्या सांगायचा, "देवधर बाईंनी पाठवलंय. तुमचा हात हलका आहे म्हणाल्या. आणि त्यांच्या दाढेचं सगळं व्यवस्थित आहे ना, तेवढं डॉक्टरांना विचारा म्हणाल्या."

"एकदम व्यवस्थित!" मी प्रत्येकाला सांगायचे. सुनीताताई तेवढ्यात कपाटातलं काहीतरी शोधायला जायच्या. त्या वर्षी बाईंचं नाव ऐकलं तरी मला कानकोंडं व्हायचं.

*

मध्येच माझीच दाढ दुखायला लागली. अजिबात अंगावर काढू नका, असं रोज पेशंटला सांगणारी मी तीन आठवडे गोळ्या गिळत होते. शेवटी स्वारगेटजवळ माझा एक वर्गमित्र प्रॅक्टिस करतो, त्याच्याकडे गेले. तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर गॉगल, म्हणजे कुणी ओळखायला नको.

आत शिरले तर बाकावर साठे काका! माझे पेशंट. चार दिवसांपूर्वीच मी त्यांना रूट कॅनाल करावं लागेल म्हणून सांगितलं होतं आणि ते "घरी विचारून सांगतो" म्हणून गेले होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मास्कचा काही उपयोग झाला नाही. काका जरा सरकले, मला जागा दिली आणि पेपरमधून मान वर न काढता म्हणाले,

"हे चांगले आहेत म्हणतात."

मित्राने माझा एक्स-रे लावला आणि म्हणाला, "एक मूळ वाकडं आहे बघ. फाइल तुटायची शक्यता आहे. तुटली तर लगेच सांगेन, घाबरू नकोस." इतकं सहज म्हणाला तो! मी खुर्चीत डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं मी भ्यायले. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

*

पुढच्याच आठवड्यात देवधर बाई आल्या. कायमच्या नागपूरला, मुलीकडे चालल्या होत्या. "दाढेचा तो शेवटचा एक्स-रे द्या. तिकडचा डॉक्टर मागेल."

त्या एक्स-रेत तुकडा पांढऱ्या रेघेसारखा स्पष्ट दिसतो. नागपूरचा कुठलाही डॉक्टर पहिल्या नजरेत सांगेल. आणि मी काय केलं? लिहायलाही लाज वाटते. मी पाकिटात उपचाराच्या आधीचा एक्स-रे घातला!

सुनीताताईंनी पाकिटावर हात ठेवला. "मॅडम, हा आधीचा आहे."

"हो का? चुकून." पण ते चुकून नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मग मी खरा एक्स-रे काढला, उजेडाकडे धरला आणि सांगून टाकलं. सुई तुटली, तुकडा आत आहे, त्याच दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. दाढ आजपर्यंत शांत आहे पण वर्षातून एकदा तपासून घ्या. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक माणसाला मी खोटं सांगितलं.

बाईंनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली.

"किती लांबीचा आहे?"

"तीन मिलिमीटर."

"मला चार वाटला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो डॉक्टर, खुर्चीवरच्या त्या दिव्याच्या काचेत सगळं दिसतं. आत गेली तेव्हा सुई लांब होती, बाहेर आली तेव्हा आखूड."

"मग... मग तुम्ही इतके दिवस काही बोलला का नाहीत?"

बाईंनी एक्स-रे पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

"मी कशाला बोलू? दात माझा असला तरी सुई तुमची होती. म्हटलं, शोधत याल कधीतरी."