बाळ धरणारी

माझ्या मोठ्या नणंदेचं काम सांगायला सोपं होतं. त्या बाळं धरायच्या.

नाव तेओदोलिंदा यार्लेके. पिउराच्या मोठ्या इस्पितळात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात त्या आया होत्या आणि मी खाली धुलाईघरात. राहायचोही एकाच अंगणात. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, एल्मेरचं, घर रस्त्याच्या बाजूला, वन्संची खोली मागे आल्गारोबोच्या झाडाखाली.

राजधानीतून, लिमाहून, डॉक्टर आरुनातेगी आल्या आणि त्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हापासून सोमवार हा वन्संचा दिवस झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवायला प्राणवायू द्यावा लागतो. त्यानेच काहींच्या डोळ्यामागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढला जातो आणि एक दिवस सुटतो. वेळेत दिसलं तर लेसरने थांबवता येतं. वेळ गेली की गेली. श्रीमंत देशांत हा रोग अगदी मुठीएवढ्या बाळांना होतो म्हणे. आमच्याकडे चांगल्या अंगाच्या बाळांनाही का होतो, आणि कुणाला किती वेळा तपासायचं, हे डॉक्टरीणबाईंना शोधायचं होतं.

ती तपासणी बघवत नसे. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची, पापण्यांत तारेचा चिमटा बसवायचा, मग डोक्याला दिवा बांधून डॉक्टरीणबाई वाकायच्या. बाळ जरा हललं तरी सगळं फुकट. म्हणून मी धुलाईघरातून आणलेल्या गरम कापडात वन्सं बाळाला आवळून गुंडाळायच्या, जिभेवर साखरपाणी लावायच्या आणि दोन्ही तळव्यांत डोकं धरायच्या. नर्सपोरी म्हणायच्या, "तेओबाईंच्या हातात बाळ म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा." बाळं जीव खाऊन किंचाळायची. वन्संचा चेहरा हलत नसे. पूर्वी हलायचा, असं म्हणतात. मी पाहिलेला नाही.

घरीसुद्धा हात तेच. रविवारी कोंबडी कापायला घेतली की तिची मान अशी धरायच्या, की मी म्हणायचे, "वन्सं, कोंबडी आहे ती. डोळे नाही तपासायचेत तिचे." एल्मेर बहिणीकडून केस कापून घ्यायचा आणि मान चोळत यायचा. "ताईने धरलं की वाटतं, आता हिला काहीतरी कबूल करून टाकावं." त्या हसायच्याही नाहीत, रागवायच्याही नाहीत. शेजारचं पोर रडून रडून निळं व्हायचं आणि त्या मालिका बघत बसायच्या.

"वन्सं, किती वेळचं रडतंय ते!"

"कोण रडतंय?" त्या विचारायच्या. खोटं नाही, खरंच विचारायच्या.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडे ज्याच्यावर अजून पाणी पडलेलं नाही त्या बाळाला मोरो म्हणतात. मोरो बाळाला रस्त्यावर नेत नाहीत, परक्याच्या हातात देत नाहीत. ते गेलं तर त्याला धड स्वर्गही नाही. देवळातला बाप्तिस्मा म्हणजे धर्माचे आईबाप बघा, जेवण घाला, त्यात वर्ष जातं. तोवर असल्या बाळाच्या डोळ्यात लोखंड घालायचं म्हटल्यावर बाळांच्या आया बाळ ठेवलेल्या काचेच्या पेटीला मिठी मारून उभ्या राहायच्या. पहिल्यांदा एकीने वन्संचा हातच झटकला.

"माझं मूल मोरो आहे अजून. तुमच्या हातात काही बरंवाईट झालं तर?"

वन्संनी औषध द्यायच्या प्लास्टिकच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं. "नाव काय ठेवणार?" तिने सांगितलं. वन्संनी कपाळावर पाणी ओतलं, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. अडीअडचणीला असं पाणी कुणीही देऊ शकतं, पाद्रीच लागतो असं नाही. "झालं," वन्सं म्हणाल्या. "आता ह्याला काही होत नाही. द्या इकडे."

पाणी देणाऱ्या बाईने तसं म्हणायची रीतच आहे.

मग तो पायंडाच पडून गेला. सोमवारी आधी पाणी, मग थेंब, मग चिमटा. जिने पाणी दिलं ती त्या बाळाची धर्माची आई, आणि बाळाच्या आईची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणीहून चिवट. बाजारात वन्संबरोबर चालायची सोय राहिली नाही. लिंबंवाली हाक मारायची, कोमाद्रे. बसमधली बाई जागा द्यायची, कोमाद्रे. कोमाद्रेने सांगितलं की सोमवारी बाळ आणायचं, की आया दोन-दोन गाड्या बदलून आणायच्या. डॉक्टरीणबाई हसायच्या. "तेओबाई, मी लिमाला काय लिहू? इथे उपचार पाण्यापासून सुरू होतो?"

"लिहू नका," वन्सं म्हणायच्या. "नळाचं आहे."

मारिक्रूझ एचे ही पाराचिकेची. समुद्रावरची वस्ती, नवरा मासेमारीला. तिची मुलगी दायरा पेटीतून बाहेर आली तेव्हा काही फार बारीक नव्हती. वन्संनी पाणी दिलं, तेच शब्द म्हटले, डोकं धरलं. डॉक्टरीणबाई दिवा मागे सरकवून म्हणाल्या, "सुरुवात दिसतेय. आता थांबेलही आपोआप, वाढेलही. पुढच्या सोमवारी बघायलाच हवं. वाढलं असेल तर लगेच लेसर." त्याच आठवड्यात दायराचं वजन भरलं आणि खाट दुसऱ्या बाळाला हवी होती, म्हणून तिला घरी सोडलं.

"सोमवारी आण," वन्सं दारात म्हणाल्या.

"आणते, कोमाद्रे."

त्या सोमवारी ती आली नाही. फोन बंद. पाराचिकेच्या दवाखान्याला निरोप गेला म्हणे. पुढच्या सोमवारीही आली नाही. मी गरम कापडांची चवड घेऊन वर गेले तेव्हा वन्सं दाराकडे बघत होत्या. "येईल," त्या म्हणाल्या. "माझी बाळं येतात." पण त्या रविवारी सकाळीच डोक्यावर हॅट घालून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "ओतिलिया, चल."

पाराचिकेला पोचलो तेव्हा वाळूचा वारा सुटला होता. घर बोरूच्या भिंतींचं. मारिक्रूझची सासू फेलिपा दारात मासे साफ करत होती. वन्संना बघून तिने हात कपड्याला पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "अगं मारिक्रूझ, धर्माची आई आली! या, या. बघा तुमची लेक कशी डुकरिणीसारखी माजलीय."

खरंच माजली होती. गालांत मानच दिसत नव्हती. मनगटाला लाल मण्यांचा दोरा.

"सोमवारी का नाही आलात?" वन्संनी विचारलं.

"नवरा बोटीवर, फोनही त्याच्याकडेच," मारिक्रूझ सासूकडे बघत म्हणाली. "मी म्हणत होते जाऊ, पण सासूबाई..."

"सासूबाई काय? सांग की," फेलिपा म्हणाली. "अहो, हे वारं बघा. त्यात कोवळ्या पोरीला दोन गाड्या बदलून न्यायचं, ते कशाला? मोरो असती तर रीत मोडून मीच उठून पळत नेली असती, भीतीनेच. पण पाणी पडलंय ना तिच्यावर. तुमच्याच हातचं. तुम्हीच म्हणालात, आता हिला काही होत नाही."

वन्संनी मुलीला उचललं आणि दारात, उन्हाकडे तोंड करून धरलं. मी शेजारीच होते. दायराने डोळे मिटले नाहीत. बाहुल्यांमध्ये काळं नव्हतं, विझलेल्या चुलीतल्या राखेसारखं काहीतरी होतं.

"काय बघताय?" मारिक्रूझ हसत म्हणाली. "बापावर गेलेत ना डोळे?"

"उद्या पहाटे निघू," वन्सं म्हणाल्या. "आम्ही इथेच राहतो."

फेलिपाने जेवायला वाढलं. उकडलेला मासा, युकाचे कंद, वर कांद्याचं लोणचं. मी ताटात नुसती बोटं फिरवत बसले. वन्संनी ताट निपटून खाल्लं, काटे कडेला ओळीने लावले आणि विचारलं, "अजून आहे का?"

सोमवारी वन्संनीच धरलं. दायरा आता कापडात मावत नव्हती, मला दुसरं आणावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी एक डोळा बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. एरवी त्या बघता बघता नर्सला सांगत जायच्या, काय दिसतंय ते. त्या दिवशी फक्त दायराचं किंचाळणं चालू होतं. मग त्यांनी डोक्यावरचा दिवा काढून टेबलावर ठेवला.

"तेओबाई, सोडा आता."

वन्संनी सोडलं नाही. चिमटा निघाला, थेंब पुसले, तरी डोकं तळव्यांतच होतं. नर्सने खांद्याला हात लावला तेव्हा सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी मारिक्रूझला खुर्चीवर बसवून सांगितलं. हळू सांगितलं, चांगलं सांगितलं. दोन्हीकडे पडदा सुटलाय, लिमाला शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण फार आशा ठेवू नका. मारिक्रूझ मान हलवत राहिली. मग वन्संकडे वळली.

"कोमाद्रे, काय म्हणतायत त्या?"

"दिसणार नाही तिला."

"एका डोळ्याने?"

"दोन्ही."

मारिक्रूझने मुलीच्या टोपीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "कोमाद्रे," ती म्हणाली, "पाणी नीट ओतलं होतंत ना?"

"नीट ओतलं होतं."

बास, एवढंच. ती गेली. वन्संनी पुढचं बाळ घेतलं.

त्यानंतर वन्संमध्ये फरक पडला असं कुणी म्हणालं नसतं. अभ्यास चालूच होता. दायराची नोंद त्यात उशिरा आलेल्यांमध्ये झाली. वन्सं पाणी द्यायच्या, धरायच्या. फक्त ते वाक्य गेलं. पाणी ओतून झालं की आया थांबायच्या, पुढचं ऐकायला. वन्सं म्हणायच्या, "सोमवारी आणा."

"आणि ते?" एकीने विचारलं. "आता काही होत नाही, ते?"

"सोमवारी आणा."

घरी मी एकदा म्हणून बघितलं, "वन्सं, एकदा रडून घ्या."

"कशाला?" त्या म्हणाल्या आणि मालिकेचा आवाज वाढवला.

दायरा वर्षाची व्हायला आली तेव्हा पाराचिकेहून सुक्या मासळीचं बोचकं आलं, आणि निरोप. देवळातला बाप्तिस्मा ठरलाय, झगा धर्माच्या आईने आणायचा असतो. मी बोचकं उघडं टाकून वन्संच्या तोंडाकडे बघत राहिले.

"जाणार तुम्ही? चारचौघांत सासू काय बोलेल नेम नाही."

"पाणी मी ओतलंय," त्या म्हणाल्या आणि मापाचं विचारायला फोन शोधू लागल्या.

झगा त्यांनी स्वतः शिवला. गळ्याला लेस, पाठीला बारीक बटणं. देवळात दायरा त्यांच्या कडेवर होती. पंख्याचा आवाज येईल तिकडे मान फिरवत होती. फादर तरुण होते, घाईत होते. आमच्या आधी दोन बाप्तिस्मे झाले होते, मागे अजून थांबले होते.

"हिला आधी पाणी दिलंय म्हणे. कुणी?"

"मी."

"शब्द बरोबर म्हटले होते?"

"बरोबर म्हटले होते."

"परत ओता, फादर," मागून फेलिपाचा आवाज आला. "खात्रीचं असलेलं बरं."

कुणी मान वर केली नाही. फादरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. डोकं पुढे करा."

वन्संनी दायराला दगडी कुंडावर आडवं घेतलं आणि दोन्ही तळव्यांत डोकं धरलं. सोमवारचं धरणं. अंगठे कानशिलांवर, बोटं मागे. दायराच्या कपाळाची कातडी ताणली गेली, तिने एकदा हुंकार दिला आणि मग जी किंचाळली, की मागच्या बाकावरची पोरं गप्प झाली.

"बाई, सैल धरा," फादर म्हणाले. "पाणीच आहे."

"हो," वन्सं म्हणाल्या.

हात सैल झाले नाहीत. फादर पाणी ओतायचा शिंपला हातात धरून उभे. मी पुढे जायला निघाले, पण मारिक्रूझ आधी पोचली. ती रागावली नव्हती, निदान तोंडावर तरी काही नव्हतं. तिने वन्संचं एक बोट उचललं, मग दुसरं, मग तिसरं, भांड्याला चिकटलेलं काहीतरी सोडवावं तसं. आणि डोक्याखाली स्वतःचा हात घातला.

पाणी पडलं. दायराचं रडणं छतापर्यंत जाऊन परत येत होतं. वन्सं रिकामे हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या. मी त्यांच्या कोपराला धरून बाजूला घेतलं, तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"रडतेय का गं ती?" त्यांनी विचारलं.