चेसिसवरचा दुसरा नंबर

दादाच्या गाडीची फाईल ग्वाल्हेरच्या हेड ऑफिसातून परत आली, हे मला आमच्याकडच्या परिवहन ऑफिसातल्या दुबेबाबूंनी एका सोमवारी दुपारी फोनवर सांगितलं. शेरा एका ओळीचा होता… चेसिसवर दोन नंबर आहेत. तीस दिवसांत खुलासा द्या, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द.

गोष्ट जुनी आहे, भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची. मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि माझा मोठा भाऊ, दादा, स्टील प्लांटच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर. सेक्टर २ मधल्या त्याच्या क्वार्टरमागे एक इंग्लिश स्पोर्ट्स कार उभी होती… दोन सीटची, वर टप नाही, वयाने माझ्यापेक्षा मोठी.

तिचं मूळ इंजिन केव्हाच गेलं होतं आणि पार्ट कुठे मिळत नव्हते. दादाने चार वर्षांचे रविवार घालून तिच्यात अँबेसिडरचं इंजिन बसवलं. रजिस्ट्रेशन गेलं की गाडी भंगारात, आणि भिलाईत भंगार शेवटी कुठे जातं हे भट्टीजवळ काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

इंजिन बदलायचं तर आधी परवानगी हवी. परवानगीच्या फॉर्मवर नव्या इंजिनचा नंबर हवा, म्हणजे इंजिन आधी घ्या! घेतलं, तर ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणा. ती गाडी महाराष्ट्रातली निघाली, मग तिथली एनओसी तीन प्रतींत आणा… मी नागपूरच्या दोन चकरा मारल्या.

परत आलो तर गाडीला इंडिकेटर नाहीत म्हणून फाईल थांबलेली. ही गाडी बनली तेव्हा लोक हात बाहेर काढून वळायचे, हे मी सांगून पाहिलं. दादाने इंडिकेटर लावले. मग ते मूळ रचनेत नव्हते म्हणून त्यांचा वेगळा अर्ज.

एवढं सगळं पार करून आता हे दोन नंबर. मला काही कळेना, कारण चेसिस नंबरचा ठसा मीच घेतला होता. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, तो कागद फाईलला चिकटवायचा… अगदी स्वच्छ ठसा घेतला म्हणून मी तेव्हा खूशही झालो होतो.

संध्याकाळी बॉनेट उघडून पाहिलं. चेसिस नंबर होता, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर आणखी पाच आकडे… माझ्या ठशात तेही उमटले होते.

"दादा, हे काय आहे?"

दादाने वाकून आकड्यांवरून बोट फिरवलं. "माझा टोकन नंबर आहे ना बावा."

"चेसिसवर कावून मारला?"

"मारला म्हणजे… वेल्ड केला का पंच मारायचाच. बावीस वर्षं तेच करून राहिलो. हात गेला असंन."

शॉपमध्ये प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी प्लांटने दिलेला आपला टोकन नंबर ठोकतो, तसा नियमच. नव्या इंजिनसाठी त्याने चेसिसला ब्रॅकेट जोडला आणि सवयीने नंबरही ठोकला. वहिनी दारातूनच म्हणाली, "माझ्या तव्याच्या मुठीवर बी आहे भाऊजी. आमच्या घरी चोरी झाली तर पोलिसाले काहीच मेहनत नाही."

"अन् तुले ठसा घेताना दिसला नाही?" दादा माझ्यावर उलटला. "पेपरात तर दुसऱ्याच्या चुका काढत असतं!"

घासून टाकू, असं ठरलं. सुदैवाने आधी दुबेबाबूंना विचारलं. ते फोनवर ओरडलेच, "चेसिस पे ग्राइंडर लगाया तो सीधा थाने का मामला है, भाई साहब!" म्हणजे नंबर ठेवला तर गाडी संशयित, काढला तर आम्ही गुन्हेगार…

मी खुलासा लिहिला. तो दुबेबाबूंच्या साहेबांना पटला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी गाडीसह हजर व्हा, असा निरोप आला, आणि गाडी चालवायला मनाई असल्यामुळे आम्ही ती मित्राच्या जीपमागे बांधून ओढत नेली.

साहेब म्हणजे कुणाशी न हसणारे एक उंच इन्स्पेक्टर. दादाने टोकन कार्ड टेबलावर ठेवलं, त्यांनी आकडे जुळवले. मान वर न करता म्हणाले, "मिल तो गया. पर लिखा क्यों?"

मी नियमांची कलमं पाठ करून गेलो होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला, "साहब, जोड़ मेरा है. कल को टूटा, तो पता तो चले किसको पकड़ना है."

साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्यापुढे नंबर खरवडलेल्या, पुसलेल्या गाड्या रोज येत असणार. ते उठून बाहेर आले, गुडघ्यावर बसले, जोडावरून अंगठा फिरवला आणि दादाकडून हातोडी मागून तीनदा ठोकून पाहिलं.

नियम त्यांनी तसूभरही सोडला नाही. दुसरा नंबर काढायचा नाही, तो वेल्डरचा ओळख क्रमांक म्हणून गाडीच्या कागदांत नोंदवायचा, आणि फाईल पुन्हा ग्वाल्हेरला… पण खाली स्वतःची शिफारस लिहिली आणि पूर्ण नावाने सही केली.

बातमीवर माझं नाव छापून आलं की मला आनंद व्हायचा. चूक निघाली तर मला धरता यावं म्हणूनही ते तिथे असतं, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांत मंजुरी येईल, असा दुबेबाबूंचा अंदाज होता. ती आली की पहिल्याच रविवारी वहिनीला शेजारी बसवून राजनांदगावपर्यंत जायचं, असं दादाने ठरवलं होतं… वहिनीने डोक्याला बांधायला रुमाल इस्त्री करूनही ठेवला होता.