विणून पाहणाऱ्या बाई

मुंबईच्या सहार विमानतळावरच्या एअर कार्गोत मी लोकांचा आयात माल सोडवायचो. तिथे माल तपासणाऱ्या कस्टमच्या एक बाई होत्या. कुणी घाई केली की म्हणायच्या, "थांब रे, आधी वस्तू तर बघू दे ना!"

एकदा मुलुंडच्या मूकबधिर शाळेसाठी परदेशातून मुलांचे विणकामाचे संच आले. खेळणी ठरली असती तर सुरक्षा प्रमाणपत्राअभावी ते अडकले असते. शाळेच्या एक शिक्षिका माझ्यासोबत आल्या होत्या, त्या रडवेल्या झाल्या होत्या.

बाई एक खोका उघडून, चष्मा कपाळावर चढवून चक्क विणायलाच बसल्या. चुकलं, उसवलं, पुन्हा विणलं.

"हे खेळणं कसलं? शिकल्याशिवाय जमतच नाही. शैक्षणिक साहित्य लिहिते."

शिक्षिकेनं बाईंनी विणलेली ती बोटभर पट्टी आठवण म्हणून मागितली.

"न्या," बाई म्हणाल्या, "पण पुरी मुलांकडून करून घ्या."