व्याह्यांची बैठक आणि सोयाबीनचं बी: गारखेडा ते पाचोड

निघताना आईनं डबा दिला आणि डब्यासोबत निरोप. "तिला सांग, जरा दमानं घे. लग्नाला महिना नाही झाला अन् सासऱ्याच्या बियाण्यात खोड काढती!"

ती म्हणजे माझी धाकटी बहीण सोनल. शेतीचं रीतसर शिक्षण घेतलेली, पाचोडच्या पुढं एका वस्तीवर दिलेली. तिचे सासरे अण्णा. त्यांच्या घरचं सोयाबीनचं बी दरवर्षी अख्खी वस्ती पेरते. आणि हिनं आठवड्यापूर्वी त्यांना सांगितलं, बी मला खराब वाटतंय, उगवण तपासू. अण्णा म्हणाले, तपासू की, सगळ्यांसमोर तपासू! म्हणजे झालं. बी उगवलं तर पोरीचं हसं, नाही उगवलं तर सासऱ्याचं. मला जाणं भागच होतं.

शहरातल्या आमच्या गारखेड्यातून सकाळी सहाला बाईक काढली. तीनशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. बीड बायपासनं झाल्टा फाटा ओलांडला की सोलापूर हायवे मोकळा, आरामात तास-सव्वा तासात पाचोड. जूनच्या तोंडावर जाणार असाल तर ऊन चढायच्या आत पोहोचा. आडूळला गरम भजी खा, पण सोबतच्या मिरचीपासून जपून, माझे कान लाल झाले. पुढं दोन्ही बाजूला नांगरून ठेवलेली काळी रानं आणि मधूनच मोसंबीच्या हिरव्या बागा. फोटोसाठी तीनदा थांबलो, हे आईला सांगू नका.

वस्तीवर लिंबाखाली बारा-पंधरा माणसं जमलेली. "या पाव्हणं, बरोबर वक्ताला आलात!" अण्णा म्हणाले. सोनल डोक्यावर पदर घेऊन उभी, हातात ओल्या गोणपाटाच्या दोन गुंडाळ्या. बाजूला घेऊन निरोप द्यावा म्हणून पुढं झालो, तर म्हणाली, "दादा, नंतर. आधी हे धर."

प्रत्येक गोणपाटात शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत लावलेले. सात दिवस ओलं ठेवायचं आणि कोंब मोजायचे, सत्तरच्या वर आले तर बी चांगलं, एवढीच ती तपासणी. "अण्णा, तुम्हीच मोजा," ती म्हणाली. अण्णा मोठ्यानं मोजत गेले आणि आवाज हळूहळू उतरत गेला. एक्केचाळीस. मग दुसरी गुंडाळी उघडली. अठ्ठ्याहत्तर.

"रान एकच, मळणी एकच. मंग हे असं कसं?" अण्णांनी विचारलं.

सोनलनं माझ्याकडं पाहिलं. "पहिलं बी बैठकीच्या पोत्यांतलं आहे, दुसरं बाजूला ठेवलेल्या पोत्यांतलं," ती म्हणाली.

या घरात लग्नात व्याह्यांना बियाण्याच्या पोत्यांवर सतरंजी टाकून बसवायची रीत आहे. ज्वारीच्या काळापासूनची. सोनलच्या लग्नात आम्ही सगळे त्यावरच बसलो होतो. नवरीचा भाऊ म्हणून मी मधोमध, ऐंशी किलोचा, चांगला ऐटीत!

"ज्वारी-गव्हाला काही होत नाही, अण्णा. सोयाबीनचं साल पातळ, कोंब लगेच सालीखाली. पोतं आपटलं, वर माणसं बसली की बी आतून मरतं. वरून दिसतं टकाटक."

"तवाच का नाय बोललीस?"

"मुंडावळ्या बांधल्या होत्या, अण्णा. अन् वर बसलेली माणसं माझ्याच माहेरची होती."

मंडळी खो-खो हसली. अण्णा हसले नाहीत. मला आईचा निरोप आठवला. अण्णा उठले, गोणपाट झटकलं. "बैठकीच्या पोत्यातलं बी यंदा कुणी न्यायचं नाय. माझ्या घरचं असलं तरी नाय. अन् पेरणीचं आता हिला इचारत जा."

खरं सांगतो, शर्टाची बटणं तुटतील एवढी छाती फुगली माझी!

मग जेवणापर्यंत लोकांनी तिला सोडलंच नाही. चांगली खोल ओल झाल्याशिवाय पेरू नका. सोयाबीन दोन बोटांपेक्षा खोल टाकू नका. मका गुडघ्याला यायच्या आधीपासून शेंड्याच्या पानांचे पोंगे उघडून अळी बघा. एका आजोबांनी तर गव्हाचं विचारलं. "पेरल्यावर एकविसाव्या दिवशी पहिलं पाणी, ते चुकवायचं नाही," ती म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "गव्हाला अजून पाच महिने हायेत की!"

"हायेत. पण शिकलेली सून आज घावली," आजोबा म्हणाले.

भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची येसर आमटी, बाजरीची भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. अशी आमटी शहरात विकत मिळत नाही, ओळख काढूनच जा. निघताना अण्णांनी बागेतली शेवटच्या तोड्याची मोसंबी बांधून दिली. "पाव्हणं, पुढच्या टायमाला तुम्हाला गव्हाच्या पोत्यावर बसवतो," म्हणाले, आणि आता मात्र हसले.

घरी पोहोचलो तर आई दारातच. "दिलास का निरोप?"

"नाही दिला." मग सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं पिशवीतून चार मोसंबी काढली, पायात चप्पल सरकवली आणि समोरच्या काकूंची बेल वाजवली.

"आमच्या सोनलच्या सासरची आहेत," ती म्हणाली. "तिकडं सगळे तिला विचारून पेरतात."