आत उतरू नका

माझा धाकटा भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. टाक्या धुवायच्या, तळाचा गाळ काढायचा, गंजलेली झाकणं बदलायची, असलं काम. त्याआधी तो मुंबईत एका हॉटेलात होता. वडील गेले, आई गावी कुडपणला एकटी पडली, म्हणून परत आला. वर गावात राहून भागत नव्हतं, मग बिरवाडीत माझ्याकडे राहिला. मी तिथे अंगणवाडी सेविका आहे.

मुंबईहून येताना त्याने हिंदी आणली होती. काहीही झालं की, "टेन्शन नय लेनेका, ताय." दूध नासलं तरी तेच, लाईट गेली तरी तेच. कामावरून आला की आधी मागच्या मोरीत जाऊन अंग धुवायचा आणि कपडे वेगळ्या दोरीवर टाकायचा, कारण त्या वासाने माझ्या मुली नाक दाबून पळायच्या. मग जेवायला बसायचा आणि टीव्हीवरून त्यांच्याशी भांडायचा. मुलींना वाटे मामा मुद्दाम चिडवतो. पण त्याला खरोखरच कार्टून बघायचं असायचं. आई त्याच्यासाठी मुलगी बघत होती. एक पसंतही पडली होती, फक्त त्याने अजून हो म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी मी मुलांना खिचडी वाढत होते. शेजारची बाई चप्पल न घालता धावत आली. "ताई, तुमच्या भावाच्या कंपनीत कायतरी झालंय. दोघं पडलेत म्हणतात." मी डाव मदतनीस बाईच्या हातात दिला आणि निघाले. कारखान्याचं गेट बंद होतं. बाहेर माणसं उभी होती आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. एका रिक्षावाल्याने काही न विचारता मला बसवलं आणि महाडला दवाखान्यात नेलं.

त्याच्या अंगावर कुठे जखम नव्हती. मी सगळीकडे शोधली. जखम दिसली असती तर मला काहीतरी समजलं असतं. एका पायात गमबूट होता, दुसरा निघाला होता आणि मोज्याच्या अंगठ्यापाशी मी घातलेले टाके दिसत होते. निळा दोरा नव्हता म्हणून मी काळ्याने शिवलं होतं. मला लाजच वाटली. परक्या लोकांसमोर तो असा पडला होता आणि मी त्याचा मोजा धड शिवला नव्हता.

काय झालं ते मला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने दवाखान्याच्या आवारात सांगितलं. हा मराठवाड्यातून आलेला, बिरवाडीतच भाड्याच्या खोलीत राहणारा. दोघांना उचलून आणताना त्याच्या पँटला गाळ लागला होता.

"पहिला टाकीत खाली पोचला आणि बसला. दमला म्हणून बसला असं वाटलं. मग आडवा झाला. तुमचा भाऊ ओरडला, अरे पडला, आणि शिडीवरून सरळ खाली. त्याने त्याच्या काखेत हात घातले होते, ताई. उचलला पण होता थोडा."

"मग?"

"मग दोघं पण खाली." तो पँटवरचा गाळ खरवडू लागला. "मी पण पाय टाकला होता. फोरमनने मागून माझा पट्टा धरला. मी त्याला आईवरून शिव्या दिल्या."

गाळ ढवळला की त्यातून गॅस सुटतो आणि माणूस एकदोन श्वासांतच कोसळतो, हे मला नंतर कळलं. बारा वर्षं मी त्या कारखान्यांच्या भिंतीला लागून राहत होते. मला वाटायचं, स्फोट झाला, आग लागली तर माणसं मरतात. नुसतं खाली उतरून मरतात हे माहीत नव्हतं.

आम्ही त्याला कुडपणला नेलं. पोलादपूर मागे पडलं आणि चढ सुरू झाला तसं प्रत्येक वळणावर मी हात आडवा धरत होते, तो घसरू नये म्हणून. वर धुकं होतं. आई अंगणात उभी होती. ती रडली नाही. त्याच्या छातीवर दोन्ही हात आपटत म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराला काढाया गेलास. मी कोण व्हते रे तुजी?" तिला मागे ओढायला चार बायका लागल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी बिरवाडीला परत आले. ठेकेदाराचा माणूस येऊन गेला होता. तो सगळ्यांना सांगत होता की पहिला माणूस काम करताना मेला हे खरं, पण दुसऱ्याला उतरायला कोणी सांगितलं नव्हतं, तो आपल्या मर्जीने गेला. म्हणजे माझा भाऊ कामावर मेला असं धरायचंच नाही. तपासाला आलेल्या सरकारी निरीक्षक बाई माझ्या घरी आल्या तेव्हा मी त्यांना दारातच हे विचारलं.

"कामाच्या जागी, कामावरच्या माणसाला काढताना गेला," त्या म्हणाल्या. "हा कामावरचाच मृत्यू आहे. मी तसाच नोंदवणार." मग आत येऊन बसल्या. उतरायच्या आधी हवा तपासायला हवी होती, आतल्याच्या कमरेला दोरी आणि वर ती धरणारा हवा होता, हे सगळं त्यांनी मला सावकाश सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि आत कोणी पडलं तर मागून उतरायचं नाही, हे त्यांना शिकवायला हवं होतं. अशा टाक्यांत वाचवायला गेलेलेच फार मरतात."

"मग काय, वर उभं राहून बघायचं?"

"ओरडायचं. आत हवा सोडायची. मास्क लावलेल्या माणसांना बोलवायचं. पण उतरायचं नाही."

मला त्यांचा इतका राग आला की मी उठून आत गेले. माझा भाऊ जे करून मेला तेच चुकीचं, असं त्या माझ्याच घरात बसून सांगत होत्या. त्या बराच वेळ बसल्या, मग निघून गेल्या.

पट्टा धरल्यामुळे वाचलेला तो माणूस अधूनमधून येत असे. दारात उभा राहायचा, मुलींना बिस्किटांचा पुडा द्यायचा. एकदा म्हणाला, "ताई, आमच्या खोल्यांवर नवी पोरं आलीत. उद्यापासून त्याच कामावर जाणार. कोणीच काही सांगत नाही त्यांना. तुम्ही चला ना. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. घरात ती वेगळी दोरी तशीच बांधलेली होती आणि संध्याकाळ झाली की मला तिथे बसवत नव्हतं. एका खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांसमोर मी पहिल्यांदा बोलले. मोजलेल्या हवेशिवाय उतरू नका, दोरीशिवाय उतरू नका, आणि कोणी पडला तर मागून आत उतरू नका. कोपऱ्यातून एकाने विचारलं, "आणि पडलेला आपला सख्खा भाऊ असला तर?"

"तरीपण नाही," मी म्हटलं.

मग मी सुट्टीच्या दिवशी खोल्याखोल्यांतून जाऊ लागले. कुठे कोणी कामावर दगावला असं कानावर आलं की त्या घरी जायचे, कसा गेला ते विचारायचे आणि निरीक्षक बाईंना फोन करायचे. "चक्कर आली," "हार्ट फेल झालं," असं कंपनीकडून घरच्यांना पुष्कळदा सांगितलेलं असायचं. बाई प्रत्येक वेळी येऊन बघायच्या. भावाच्या कारखान्यात आता टाकी उघडली की आधी हवा मोजतात. ते मी स्वतः गेटवर जाऊन विचारून आले.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत दुसऱ्या एका ठिकाणी सांडपाण्याच्या खड्ड्यात माणूस पडला. वर चौघे होते. चौघेही माझ्यासमोर खोलीत बसून ऐकून गेलेले. कोणी उतरलं नाही. ओरडले, पंखा लावला, गळ टाकून ओढायचा प्रयत्न केला. मास्क लावलेली माणसं येईपर्यंत तो गेला होता.

तो पोलादपूरकडच्या कापडे गावचा. मी त्याच्या घरी गेले तेव्हा खळ्यात भाताचे भारे तसेच पडून होते. त्याची आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. त्या चौघांपैकी एकजण अंगणात उकिडवा बसला होता. त्याने मला बघितलं आणि मान खाली घातली.

"चार जण वर व्हते," ती मला म्हणाली. "दांडगी माणसं. येक पण उतरला नाय गो."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं त्यांना, उतरू नका म्हणून."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी कोण ते तिला कोणीतरी सांगितलं असावं. "तुजा भाऊ उतरला व्हता ना?"

"हो. म्हणूनच सांगितलं."

"माज्या पोराला तसा कोण भेटला नाय," ती म्हणाली.

ती रागाने बोलली नाही, ते मला जास्त लागलं. मी तिच्या पायांजवळ बसले. तिने मला जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. घरातल्या कोणीतरी पाणी आणून दिलं, ते मी प्यायले.

निघाले तेव्हा अंगणातला तो रस्त्यापर्यंत माझ्यामागून आला. "ताई, त्याचा हात दिसत होता मला. बोटं हालत व्हती. मी बरोबर केला ना?"

"घरी कोण आहे तुझ्या?"

"बायको. लहान पोर हाय."

"मग घरी जा," मी म्हटलं. तो तिथेच उभा राहिला. माझी एसटी आली.

बिरवाडीला न जाता मी वर आईकडे गेले. आई उन्हात बसून नाचणी पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. कापड्याच्या बाईचे शब्दही सांगितले. मला वाटलं आई रडेल, किंवा म्हणेल की माझा लेक मोठा होता.

ती म्हणाली, "ते चौघं आपापल्या घरी गेले ना?"

"गेले."

"बरं झाला." सूप थांबवून तिने विचारलं, "तुज्या भावाला असा कुणी आधी सांगितला असता, तर ऐकला असता का गो त्याने?"

मला हो म्हणायचं होतं. दर सुट्टीला मी खोल्याखोल्यांतून बोलत हिंडते ते याच एका भरवशावर, की ऐकलं असतं.

"नसता ऐकला," आई म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. कोंडा वाऱ्याने माझ्याकडे येत होता. मी सरकून तिच्या बाजूला बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले.