आमचे दात, गावाचं मशीन

"तोंड उघडा मावशी. अजून. ओठ वर धरा."

वस्तीतल्या हापशाजवळ मला खुर्चीवर बसवलं होतं. विद्यापीठातले सर हातमोजा घालून माझा ओठ चिमटीत धरून उभे. मागं विद्यार्थ्यांचा घोळका. "तपकिरी डाग बघा. उत्तम नमुना," सर म्हणाले.

उत्तम! जन्मात पहिल्यांदा कुणी मला उत्तम म्हणालं, तेही नासलेल्या दातांसाठी.

घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात असेच बघतात. पण बैलाला निदान गिऱ्हाईक घरी नेतं, वैरण घालतं. आमचे फोटो काढले, हापशाचं पाणी बाटल्यांत भरलं आणि जीप धुरळा उडवत गेली.

खोटं कशाला बोलू? संशोधन खरं होतं. पाण्यात फ्लोराईड आहे, त्यानंच आमचे दात नासले, त्यानंच माझ्या सासूचे गुडघे धरले, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यावर पाणी शुद्ध करायचं मशीन मंजूर झालं. आमच्या दातांवर मंजूर झालं. आणि बसलं कुठं? गावात, तालमीसमोर, सरपंचांच्या दाराला लागून. गावाचं भरून झालं की आमच्या वस्तीनं यायचं. हंडा लांब ठेवायचा. वरून कुणीतरी पाइप धरणार, त्याची मर्जी असेल तेव्हा. वस्तीच्या पाटीवर जातीच्या जागी आता झकास नाव आहे. वागणूक आज्याच्या काळातली.

माझी नात अजून हापशाचंच पाणी पीत होती. तिचे पक्के दात यायचे होते.

मग सर पुन्हा आले. या खेपेला कॅमेरा घेऊन. विद्यापीठाच्या संशोधनानं गाव कसं पालटलं, त्याची फिल्म करायची होती. मला मशीनपाशी उभं केलं. डोक्यावर नवाकोरा हंडा, तोही त्यांनीच आणलेला.

"मावशी, आता छान हसा. पण तोंड मिटून."

मला आधी गंमत वाटली. खरंच. मग शिसारी आली.

मी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि थेट मशीनच्या तोटीखाली टेकवला. सरपंच ओरडले, "ए! किती येळा सांगायचं, भांडं लांब धर म्हनून!"

कॅमेरा चालूच होता. मी सरांकडं वळले. "ऐकलं का सर? ह्ये बी घ्या तुमच्या फिल्ममदी."

सरांनी चष्मा पुसला. "मावशी, हा गावाचा अंतर्गत प्रश्न आहे. आमचा विषय फक्त पाणी."

"मग मी काय दूध मागतीय व्हय?"

कॅमेरा बंद झाला. सरपंचांनी हंडा लाथेनं उडवला. मी तो उचलला, पोचा पडलेला, पुन्हा तोटीखाली लावला. काठोकाठ भरेस्तोवर जागची हलले नाही.

आता आम्ही वस्तीतल्या साऱ्या बाया गावाबरोबरच रांगेत उभ्या राहतो. रोज शिव्या खातो. रोज पाणी आणतो.

विद्यापीठाची जीप परत आली होती. आता लेकरं तपासायची होती म्हणे. मी वाटेतच आडवी उभी राहिले. म्हटलं, तपासा. पण तुमच्या संशोधनातून जे येईल ते आधी आमच्या वस्तीत बसेल, हे ग्रामसभेत, सरपंचांसमोर, स्वतःच्या तोंडानं बोला. तोवर या वस्तीतून एक बाटली पाणी उचलू देणार नाही.